घर कोणी सोडायचं

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात मीनाक्षी रिसेप्शनवर बसायची. महाराष्ट्रातून कामासाठी आलेल्या अधिकाऱ्यांना खोल्या देणं, गाड्या सांगणं, असं तिचं काम. नवरा शशिकांत केंद्र सरकारच्या नोकरीत. मयूर विहारच्या सोसायटीत दोघं पंधरा वर्षांची मुलगी लता हिच्याबरोबर राहत. तिथल्या मराठी मंडळाचा शशिकांत चिटणीस होता. कुणी आजारी पडलं की हिंदूराव हॉस्पिटलला घेऊन धावणारा, गणपतीत मांडवाचा खांब धरून उभा राहणारा. त्यामुळे तो घरात बायकोवर हात उचलतो, हे कुणाच्या मनातही आलं नसतं.

ते आलं अतिथिगृहाचे व्यवस्थापक दीनानाथ यांच्या मनात. मीनाक्षी फोन कानाला लावताना रोजच्या डाव्या कानाऐवजी उजवा कान पुढे करत होती. शशिकांतचा फोन आला की तिचा आवाज बारीक व्हायचा. दीनानाथांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार उघडंच ठेवलं. म्हणाले, तुम्ही सांगितलंच पाहिजे असं नाही, पण मागच्या स्टाफ क्वार्टरमधली एक खोली रिकामी आहे, आणि तिची किल्ली मागायला कारण सांगावं लागणार नाही.

त्या दिवशी ती परत रिसेप्शनवर जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात भाजीत मीठ कमी पडल्यावरून शशिकांतने ताट भिरकावलं, आणि मधे आलेल्या लताला ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाक्षी लताला घेऊनच कामावर आली आणि किल्ली मागितली. दीनानाथांनी तिला रिसेप्शनवरून आतल्या बुकिंगच्या कामावर घेतलं. फाटकावरच्या गार्डला शशिकांतचा फोटो दाखवून ठेवला. संध्याकाळी शशिकांत आलाच. दीनानाथांनी त्याला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की मॅडमना आज भेटायचं नाहीये. तो थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

तिथून तो थेट मंडळाच्या अध्यक्षांकडे, भाऊसाहेबांकडे गेला. भाऊसाहेब निवृत्त अधिकारी. दोन्ही मुलं परदेशी, घरात ते आणि त्यांची बायको सुमित्राबाई. एकदोनदा हात उठला, एवढंच, असं सांगत शशिकांतने मीनाक्षीला समजावून परत आणायची गळ घातली. भाऊसाहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. संसारात भांड्याला भांडं लागतंच, असं म्हणत ते चपला घालायला उठले.

सुमित्राबाई जागच्या हलल्या नाहीत. "तिला काय समजावणार? मार कसा खायचा ते?" त्या म्हणाल्या. "समजावायचं असेल तर हा इथे समोर बसलाय."

भाऊसाहेब परत खुर्चीत बसले. शशिकांत म्हणाला, रागाच्या भरात होऊन जातं, नंतर वाईट वाटतं.

"शशी, तुझा डायरेक्टर सगळ्यांसमोर तुला बोलला होता, तेव्हाही राग आलाच असेल," भाऊसाहेब म्हणाले. "त्याच्यावर उचललास हात?"

शशिकांतने मान खाली घातली. त्याने विचारलं, मग मी काय करू?

उत्तर सुमित्राबाईंनी दिलं. "लता बोर्डाच्या वर्षाला आहे. घर सोडायचं तर मारणाऱ्याने सोडावं. आमच्या मुलांची खोली रिकामी आहे. तू इथे ये."

त्याला हे कमीपणाचं वाटलं, आणि चार दिवस तो फिरकला नाही. तेवढ्यात मंडळातल्या वकील वृंदाताई मीनाक्षीला भेटून आल्या. घरात निर्धास्त राहायचा तिचा हक्क कायद्याने कसा मिळतो, ते त्यांनी तिला समजावलं. मीनाक्षीने कोर्टात अर्ज करायचं ठरवलं, आणि तसं शशिकांतला स्वतः फोनवर सांगितलं. तिचा आवाज या वेळी बारीक झाला नाही. दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन भाऊसाहेबांच्या दारात उभा राहिला, आणि मीनाक्षी लताला घेऊन घरी परतली.

मंडळाने त्याच्याकडून चिटणीसपद काढून घेतलं. काहींना ते फार झालं असं वाटलं. भाऊसाहेब दर शनिवारी त्याच्याबरोबर समुपदेशकाकडे जात आणि बाहेर बाकावर बसून राहत. सोसायटीतल्या बायका मीनाक्षीकडे येऊन काही विचारत नसत. कुणी भाजी निवडत बसे, कुणी लताला गणित शिकवी. त्यातली एक मात्र एकदा निघता निघता दारातच थांबली आणि वृंदाताईंचा नंबर मागून गेली.

हिवाळा सरत आला तेव्हा मीनाक्षीने शशिकांतला रविवारी जेवायला बोलावलं, सुमित्राबाईंसोबत. लता आधी खोलीतून बाहेरच येईना. मग आली आणि म्हणाली, "बाबा, मी अजून गुस्सा आहे. बिल्कुल." तो म्हणाला, असू दे. मग चौघं जेवायला बसली.

निघताना त्याने विचारलं, "मी परत येऊ का राहायला?"

"आत्ता नाही," मीनाक्षी म्हणाली. "कधी, तेही मला माहीत नाही."

त्याने मान हलवली, सुमित्राबाईंची पिशवी हातात घेतली आणि जिना उतरला. मीनाक्षीने दार लावलं. आत लताने टीव्ही लावला होता, चांगला मोठ्या आवाजात. मीनाक्षी तिच्या शेजारी जाऊन पाय वर घेऊन बसली.