दोन कागदांच्या मध्ये

“आता कोपरा सोडायचा नाही. भूकंप झाला तरी,” सासूबाई म्हणाल्या.

मी मान हलवली.

“मानही हलवायची नाही.”

आमच्या दोघींच्या मध्ये पाटावर सासऱ्यांनी कोरलेला साचा पसरला होता. किमोनोच्या कापडावर रेघा उठवायचा कागदी साचा. आमच्या शिरोको गावात एकेकाळी घरोघरी हेच काम चालायचं. आता आमचं धरून मोजकी घरं उरली आहेत. हा एक साचा कोरायला सासऱ्यांना वीस दिवस लागले होते. एक रेघ पुरी होईपर्यंत ते श्वास सोडत नसत, आणि तेवढा वेळ घरात कुणी दारही सरकवत नसे. माझी चिगुसा आठ महिन्यांची होती. तिला पाठीशी बांधून मी वीस दिवस परसात फेऱ्या मारल्या होत्या.

“वीस दिवस या कागदाशी बोललेत ते,” सासूबाई म्हणाल्या, “माझ्याशी वीस शब्द नाहीत. जन्माला यावं तर कागद होऊन यावं.”

मला हसू आलं, ते मी गिळलं. कोपरा हलला असता.

इतक्या बारीक रेघा कोरल्यावर कागदात कागद तो काय उरणार? नुसत्या झिरमिळ्या. रंगाऱ्याने खळ फिरवली की त्या इकडेतिकडे सरकणार. म्हणून कागदाचे दोन अगदी सारखे पदर कोरतात, मधे रेशमाचे धागे आडवे ताणतात, आणि काकीफळाच्या तुरट रसाने दोन्ही पदर एकमेकांवर चिकटवतात. रेघेवर रेघ बसली पाहिजे. केसभर सरकली तरी साचा वाया. हे काम बायकांचं. साच्याच्या कडेला शिक्का बसतो तो कोरणाऱ्याचा. धागे कुणी घातले ते कुठेच लिहिलेलं नसतं.

चाळीस वर्षं सासूबाईंनी ते घातले होते. ह्या साच्याचेही त्यांनीच आठवडाभर खपून चौकटीवर ताणले होते.

“मला कुणी शिकवलं नाही हो. सासूच्या हातांकडे चोरून बघून शिकले. तू निदान उजळ माथ्याने शीक.” असं म्हणून त्यांनी रसात कुंचला बुडवला. त्या रसाला कुजकट वास येतो. मला तो अजून नकोसा व्हायचा. त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

वरचा पदर आम्ही दोघींनी चार कोपऱ्यांना धरून खाली आणला. त्यांनी ओल्या सुईच्या टोकाने एकेक रेघ जागेवर बसवायला सुरुवात केली. माझ्या बाजूचे दोन कोपरे माझ्या चिमटीत होते. सुई मधोमध आली असेल, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत चिगुसा उठली.

आधी कुरकुर. मग रडणं.

“रडू दे,” सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. “भुकेचं रडणं आहे. तेवढं कळतं मला. थोडं रडली तर काही होत नाही तिला. रस मात्र थांबायचा नाही.”

मी थांबले. खरंच थांबले होते. पण रडणं एकदम तुटलं आणि मग काहीच ऐकू येईना. आईला रडण्यापेक्षा ही शांतता जास्त भिववते. माझ्या अंगावर दूध उतरलं होतं, कपडे भिजले होते. मी केव्हा उठले ते मलाच कळलं नाही.

चिगुसा गादीच्या कडेला पालथी पडून चटईची काडी उपटत होती. मला बघून हसली.

तिला कडेवर घेऊन परत आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या बाजूचे कोपरेही स्वतःच्या हातात घेतले होते. दोन हात, चार कोपरे. त्या सुईने धडपडत होत्या, पण रस धरायला लागला होता.

“पाजून घे तिला,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी वाळलेला साचा कागदी दारासमोर उजेडात धरला. बराच वेळ धरला. उजव्या बाजूच्या रेघा दुहेरी दिसत होत्या, डोळ्यांत पाणी आल्यावर दिसतात तशा.

“कुणाचा हात होता इथे?”

“बाबा—” मी बोलायला सुरुवात केली.

“माझाच. आणखी कुणाचा असणार?” सासूबाई माझं बोलणं तोडत म्हणाल्या. “डोळे गेले माझे. सहा महिने झाले, रेघ धुरकट दिसते. बोलले नाही, एवढंच चुकलं.”

सासऱ्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी साच्याची घडी घातली. वाळलेला साचा घडी केला की संपला.

मोरीवर भांडी घासताना मी म्हटलं, “आई, मी सांगते त्यांना. आत्ता सांगते.”

“आणि मग? पहिल्याच दिवशी हात बिघडला म्हणून जन्मभर तुला पाटाशी बसू देणार नाहीत. मी ओळखते त्यांना. मला चाळीस वर्षं झाली, माझं काय जायचंय?”

“पण तुमचे डोळे—”

“गप्प बस. मुळा चीर.”

मी मुळा चिरला. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग चिगुसाला ताप आला, दात आले, ती चालायला लागली. सांगायचं राहिलं असं मी स्वतःला म्हणायचे. खरं तर सासऱ्यांची ती न ओरडणारी नजर मला माझ्यावर नको होती.

सासूबाईंना वाटलं होतं, डोळे गेले म्हटलं की पाट माझ्याकडे येईल, आणि शेजारी बसून त्या तोंडाने सांगत राहतील. सासऱ्यांनी त्याच साच्याची नवी प्रत कोरायला घेतली आणि धाग्यांचं काम त्सू शहरातल्या एका बाईंकडे पाठवलं. म्हणाले, “जिला दिसत नाही ती शिकवणार काय? आणि जिने कधी केलं नाही ती करणार काय?” लाकडी चौकट सासूबाईंनी स्वतः पुसली, कापडात गुंडाळली, गाठ मारली. त्या गाठीतही एक सुरकुती नव्हती.

नवा साचा परवा त्सूहून धागे घालून आला. जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी तो दिव्यासमोर धरला.

“बरा उतरलाय,” म्हणाले. मग चाळीस वर्षांची सवय, चटकन तोंडातून गेलं, “बघ गं, कसा वाटतो?”

सासूबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला चिगुसाचं झबलं शिवत होत्या. त्यांनी मान वर केली. त्यांची नजर रेघांवरून खाली उतरत गेली आणि डाव्या कडेपाशी थबकली. मीही तिकडे पाहिलं. जवळ सरकून, डोळे बारीक करून पाहिलं, तेव्हा कुठे मला दिसलं. एक धागा सैल होता. फक्त एक. त्यांना तो खोलीच्या त्या टोकावरून दिसला होता.

खरं बोलायची ही दुसरी वेळ होती.

“मला कुठे दिसतंय आता?” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणता तर चांगलाच असेल.”

सासऱ्यांनी शिक्का उचलला आणि कडेला टेकवला.

सासूबाईंच्या सुईतला दोरा संपला होता. त्यांनी नवा दोरा तोडला, सुई आणि दोरा दोन्ही माझ्यापुढे धरले, सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ओवून दे गं.”

मी दोरा नेढ्याला लावला. एकदा हुकलं, दुसऱ्यांदा हुकलं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, तरी हुकलं. सासूबाई हात पुढे करून बसून होत्या, सुईकडे न बघता.

“सावकाश,” त्या म्हणाल्या. “घाई नाही.”