मनकर्णाबाईंच्या डोक्यातली गाठ

मी एक जुनी एमआरआय मशीन आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या मागच्या शेडमध्ये पडून असते. वॉचमन माझ्यावर ओली चादर वाळत घालतो. मित्रांनो, त्याचं मला दुःख नाही. माणसांकडून मी याहून मोठी अपेक्षा कधी ठेवलीच नव्हती.

मी आले तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. बायपासच्या दोन्ही अंगांची शेतं जाऊन तिथं प्लॉट पडत होते. मी म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. माणसाला पोटात घेऊन त्याच्या आतलं चित्र काढणं हे माझं काम. ‘लोखंड आत नेऊ नये’ हा फलक संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांच्याच हस्ते लागला, आणि नारळ फोडायला कोयताही त्यांनीच आत मागवला. तो हातातून सुटला आणि थेट माझ्या तोंडावर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी पेपरात तात्यासाहेबांच्या दूरदृष्टीचं कौतुक छापून आलं.

मग दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडीनं तळ गाठला. मला थंड ठेवायला पाणी लागे. पण टँकर आला की आधी दर्शनी भागातली हिरवळ भिजायची, मग माझी पाळी. हिरवळीवर पाहुण्यांचे फोटो निघत ना!

त्याच उन्हाळ्यात पैठणकडच्या मनकर्णाबाई आल्या. सोबत मुलगा विश्वजित. वडिलोपार्जित जमिनीचे प्लॉट पाडून शहरात बंगला बांधलेला, दोन्ही हातांत मोबाइल. त्याच्या धाकट्या मुलीची, सईची सोयरीक ठरत होती, म्हणून होणारे व्याही आप्पासाहेबही विचारपूस करायला आले होते.

आजींच्या डोक्यात खोलवर एक गाठ आधीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसली होती. एका नामांकित डॉक्टरांनी ती कर्करोगाची धरून माझं चित्र निघायच्या आधीच शेक द्यायचं, म्हणजे किरणोपचाराचं, ठरवून टाकलं होतं. गाठ खोल आहे, तुकडा काढायच्या भानगडीत पडू नका, असंही वर सांगितलं होतं.

तंत्रज्ञ सायलीनं विचारलं, “आजी, त्रास कधीपासून?”

“पंधरा दिवस,” विश्वजित म्हणाला. “नुसती चक्कर येते.”

आजींनी हो म्हणून मान हलवली.

माझ्या खोलीत नातेवाइकांना येता येत नाही. अंगठ्या, चाव्या, मोबाइल सोडायची त्यांची तयारी नसते. आजी एकट्याच आत आल्या. थोडी चित्रं निघाल्यावर सायलीनं माइकवरून विचारलं, “बऱ्या आहात ना?”

“बाई, बाहेरच्यांना ऐकू जातं का?”

“नाही, फक्त मला.”

“मग ऐक. चक्कर नाय, फिट येती मला. थोरल्या नातीच्या हळदीला पहिली आली. तिचं पोरगं आता शाळंत जातं.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“घरात लग्नाच्या पोरी. फिटचं घर म्हटलं तर कोण दारात येईल? अन् मला विचारतंय कोण? बोलतो तोच, मी आपली मान हलवती.”

सायलीनं लगेच डॉ. मनस्विनींना बोलावून हे सगळं सांगितलं. चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर त्या. शिरेतून औषध गेल्यावर गाठ उजळली होती, पण भोवती सूज जवळजवळ नव्हती. इतकी वर्षं जागेवर बसून राहणारी गाठ कर्करोगाची असेलच असं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या बाहेर आल्या आणि पुढचं आजींनाच विचारायचं आहे म्हणाल्या.

“मॅडम, तिचं वय झालंय, तिला कळत नाही,” विश्वजित म्हणाला. “काय ते मला विचारा.”

“का? फिट तुम्हाला येते?”

विश्वजितनं घाबरून व्याह्यांकडे पाहिलं. आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, “घाबरू नका पाव्हणं. आमच्या आईलाबी येती. आम्ही तरी कुठं सांगितलं तुम्हाला?”

अशी ही शहाणी माणसं. दोन्ही घरं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि त्यापायी एका म्हातारीचा मेंदू विनाकारण भाजला जाणार होता.

शेक टळला. सुईनं कणभर तुकडा काढला. त्यात कर्करोग नव्हता. अमायलॉइड नावाचं प्रथिन थरावर थर साचून ती गाठ झाली होती. मेंदूत असं क्वचितच होतं. माझ्या चित्रावरून नुसती शंका घेता आली. पण त्या शंकेलाही आजींचं बोलणं लागलं. त्यांना फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. नामांकित डॉक्टर म्हणाले, “मला वाटलंच होतं.”

सईचं लग्न झालं. पुढच्या वर्षी आजी तपासणीला आल्या. गाठ होती तेवढीच होती. सायलीनं विचारलं, “आजी, आता कसं वाटतं?”

विश्वजितनं तोंड उघडलं.

“तू गप रं,” आजी म्हणाल्या. “डोकं माझं हाय.”

मित्रांनो, मला हार घालू नका, माझ्यापुढं नारळ तर मुळीच फोडू नका. मी भल्याभल्यांच्या कवटीत पाहिलं आहे, त्यामुळं तुमच्या शहाणपणावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. एवढंच करा: डॉक्टरांनी आजाऱ्याला काही विचारलं, तर उत्तर आजाऱ्याला देऊ द्या. तेवढा वेळ तुमच्या मोबाइलवर बोला. तुम्हाला ते छान जमतं.