दोनदा गाळलेलं पाणी

थोरलीच्या घरी पाणी आधी फिल्टर व्हायचं, मग उकळायचं आणि गार झालं की पुन्हा फिल्टरमध्ये जायचं. आपण असा काय गुन्हा केला, हे त्या बिचाऱ्या पाण्याला कधी कळलं नसावं. धाकटी बहीण मुलांना घेऊन आली की त्यांच्यासाठी वेगळे पेले निघायचे, आणि ती लिफ्टमध्ये शिरेपर्यंत इकडे सोफ्याचे अभ्रे धुवायला पडलेले असायचे.

दोघी वाढल्या एकाच गल्लीत. अख्ख्या गल्लीला मिळून एक नळ आणि एक संडास. पोटं तिथे बारमाही बिघडायची. धाकटी अजून तिथेच राहते. थोरली लग्न होऊन बाराव्या मजल्यावर गेली आणि गल्ली साफ विसरली. लेकीला तिने सांगून ठेवलं होतं, आमचं घर बागेजवळ होतं. बाग होती म्हणा, उकिरड्याच्या पलीकडे.

लेक लहान असताना डॉक्टरांनी काविळीची लस सुचवली होती. थोरली गोड हसली. "आमच्याकडे तसली घाण नाही हो. वस्तीतल्या पोरांना द्या." डॉक्टरांनी लसींच्या कार्डावरची ती ओळ कोरी सोडली.

पंधराव्या वर्षी लेकीचे डोळे पिवळेजर्द झाले. उलट्या थांबेनात, रक्त नीट गोठेना. लिव्हर साथ देईल की नाही, सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. थोरलीने आधी बहिणीला फोन लावला. "तुझ्याच कार्ट्यांनी आणलंय हे."

धाकटी मुकाट आली, मुलांचं रक्त तपासायला दिलं. थोरलीचंही घेतलं.

"मुलांना हे कधीच होऊन गेलंय, त्यांच्याकडून नाही आलं," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी थोडी कणकण येते आणि जाते, घरच्यांना पत्ताही लागत नाही. मोठेपणी झालं तर मात्र असं आडवं करतं. बाहेरचं काही प्यायली होती?"

क्लबातल्या वाढदिवसाचं सरबत निघालं. उंच काचेच्या पेल्यातलं, भरपूर बर्फ घातलेलं.

"तुम्ही काळजी करू नका, बाई. तुम्हालाही लहानपणीच होऊन गेलंय. एकदा झालं की पुन्हा होत नाही."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीने तिला जे फुकटात दिलं, ते लेकीला द्यायला तिच्याकडे पैसे होते, डॉक्टर होते, दारात गाडी होती.

हळूहळू लिव्हर सावरलं. लेक उशीला टेकून बसू लागली.

"मावशी म्हणाली, तुम्ही दोघी एकाच नळाचं पाणी प्यायलात."

"हो," थोरली म्हणाली.

लेकीने उशाशी पडलेलं लसींचं कार्ड उघडून त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"गल्लीत नाही नेलंस ते ठीक आहे, आई. सुई टोचायला तरी न्यायचंस."