सुकेळ्यांवरची पांढरी पूड

आगाशीच्या सुभद्रेच्या हाताला सुकेळ्यांचं वरदान आहे असं लोक म्हणत, आणि लोकांनी म्हटलेलं सुभद्रेला सुकेळ्यांहून गोड लागे. राजेळी केळी सोलून बांबूच्या ताटीवर उन्हात मांडायची, आठवडाभर उलटपालट करायची, मग केळीच्या सुक्या पानात बांधायची. काम सोपं, जाच तेवढा माश्यांचा. त्यासाठी तिची विधवा सून प्रेमला दिवसभर ताटीपाशी फडकं हलवत बसे. मुलगा गेल्यापासून घरात या दोघीच होत्या.

त्र्याऐंशी साली दसरा उलटला तरी पाऊस जाता जाईना. हवा दमट, पहाटे गारवा. एका सकाळी सुभद्रा अंगणात आली तर ताटीच्या कडेला उंच बांबूंवर माश्या मरून बसलेल्या. पंख वर उचललेले, सोंड बांबूला चिकटलेली आणि प्रत्येकीभोवती पांढऱ्या पुडीचं कडं. खालच्या चार सुकेळ्यांवरही तीच पूड. सुभद्रेला एकदम आठवलं. दोनच दिवसांपूर्वी प्रेमला वैतागून म्हणाली होती, ढेकणांची पावडर टाकावी या माश्यांवर.

"टाकलीस ना शेवटी?" सुभद्रेने विचारलं.

"नाय आई. बोलले खरी, पण डब्याला हात नाय लावला."

"मग ही काय आभाळातून पडली? माझी सुकेळी लोक आजाऱ्याला देतात, लेकरांना देतात. माझ्या हातून विष वाटायला निघालीस."

आवाज ऐकून शेजारणी कुंपणाशी जमल्या. त्यांच्यादेखत प्रेमलाने पूड पडलेलं एक सुकेळं उचललं आणि उभ्याउभ्या खाल्लं. तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण चारचौघींत बोललेला शब्द मागे घेईल ती सुभद्रा कसली. "एकाने काय होतंय," असं म्हणत तिने सगळा माल खड्डा खणून पुरला, पावडरचा डबाही त्यातच टाकला. आपलं चुकतंय असं मनात येऊन गेलं होतं, ते तिने तिथंच दाबलं. तिसऱ्या दिवशी प्रेमला बोचकं घेऊन वटारला भावाकडे निघाली. सुभद्रेने थांबवलं नाही.

वर्षभर घर खायला उठलं. पुढच्या दसऱ्यानंतर तिने एकटीनेच ताटी मांडली, एका हाताने केळी उलटायची, दुसऱ्याने माश्या हाकायच्या. आणि एका सकाळी बांबूवर पुन्हा तशाच माश्या. पंख वर, भोवती पांढरं कडं. घरातल्या खिडकीच्या काचेवरही दोन. पावडर तर घरात चिमूटभर नव्हती.

शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या रोझमेरी बाई सुकेळी न्यायला आल्या, त्यांना तिने काच दाखवली.

"बुरशी आहे ही, मावशी," बाई म्हणाल्या. "पावसाच्या शेवटी गारव्यात माश्यांना लागते. आतून पोखरते. मरायला टेकली की माशी उंच चढते, सोंड चिकटवते, पंख उचलते. मग तिच्या अंगातून ही पूड उडते, ती दुसऱ्या माश्यांना लागते. माणसाला नाही काही होत."

बाई गेल्यावर सुभद्रा ओट्यावर बसून राहिली. मग चांगली डझनभर सुकेळी पानात बांधून ती वटारच्या रस्त्याला लागली.

प्रेमला भावाच्या वाडीत अळूला पाणी घालत होती. सासूला पाहून तिने हात पुसले, पाणी दिलं.

"तुझा काही दोष नव्हता गं," सुभद्रा एका दमात बोलली. "माश्यांना रोग होता. रोझमेरी बाईंनी सांगितलं. चल घरी."

"मी पण सांगितलं होतं, आई," प्रेमला म्हणाली. "खाऊनसुद्धा दाखवलं."

सुभद्रेने पुडकं पुढे केलं. प्रेमलाने ते सोडलं, वरचं एक सुकेळं उचललं आणि सासूच्या हातावर ठेवलं.

"आधी तुम्ही खा. मी बघते."

आवाजात राग नव्हता, तो असता तर सुभद्रेने सोसला असता. तिने सुकेळ्याचा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि चावत राहिली. तिच्या हाताचं होतं, गोडच होतं. पण दुसरा तुकडा तिने तोडला नाही.

प्रेमलाने पुडकं पुन्हा नीट बांधलं आणि सासूच्या हातात दिलं.

"बसा. चहा टाकते," ती म्हणाली. "आगाशीची बस पाचला आहे."