दाजींची दोन मिनिटं

वेग हाच पुरुषाचा खरा दागिना, असं दाजी म्हणत. तो दागिना, म्हणजे त्यांची गाडी, इंजिनाचा टर्बो जळून दुसऱ्यांदा मेहुण्याच्या गॅरेजात आला होता.

"दाजी, इंजिनाची चिप बदलून ताकद वाढवली, पण टर्बो तापतो. गाडी पळवून आणली की इंजिन दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, मगच बंद करायचं. पुन्हा जाळलात तर चिप काढून घेईन!"

गाडी दुरुस्त होताच दाजींनी घरापर्यंतचा अर्ध्या तासाचा रस्ता अठरा मिनिटांत कापला आणि दारात इंजिन चालू ठेवून बसले. गुडघा थरथरू लागला. बोटं स्टिअरिंगवर नाचू लागली. हात किल्लीपर्यंत जाऊन मुकाट परत आला. बायको दारातून हसत होती.

"हसतेस काय? ये, मिनिटभर गाडीत बस. मला बाथरूमला जायचंय."