नाक कुठलं, शेपूट कुठलं

मित्रांनो, मी आपल्या हवाई दलाचं एक जुनं लढाऊ नॅट विमान आहे. उडत नाही, प्लास्टिकचं आहे. माझ्यासारखी बहात्तर विमानं नाकाला शेपूट लावून ओळीने ठेवली, तर एका खऱ्या नॅटची लांबी भरते. माझं माप ते हे. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं, ते या मापापायीच झालं.

मला जोडलं भगवान आजोबांनी. ते मूळचे पनवेलजवळच्या विचुंब्याचे. न्हावा शेवा बंदरात उंच केबिनमध्ये बसून त्यांनी सव्वीस वर्षं क्रेन चालवली, जहाजावरचे कंटेनर ट्रकवर अलगद टेकवले. सुट्टीच्या दिवशी त्याच हातांनी माझे भाग चिकटवले. माझा डावा पंख वाकडा आहे, पण तो दोष त्यांचा नाही. गोंद ओला असताना त्यांची सून रमा हिने केर काढायला म्हणून मला उचललं. जाऊ द्या, झालं ते झालं.

नोकरी संपल्यावर आजोबा आणि नात पूर्वी यांचा रविवारचा खेळ सुरू झाला. खांदा कॉलनीतल्या घरी जेवणाचं टेबल पुसायचं, त्यावर चौकटी आखलेलं निळं कापड अंथरायचं. आपली दोन नॅट विरुद्ध पाकिस्तानची दोन सेबर विमानं. शत्रूच्या मागे जायचं, आपलं नाक त्याच्या शेपटीकडे आणायचं आणि फासा टाकायचा. इतक्या रविवारांत मी अकरा सेबर पाडली. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार तोरा होता.

पण पूर्वी सातवीत गेली आणि तिची मैत्रीण मनस्वीही खेळायला येऊ लागली. विमानं वाढली तशी पंचाईत झाली. आमचे पंख एकमेकांना अडकायचे, स्टँड कलंडायचे. एकदा माझ्या धक्क्याने सेबर थेट वरणाच्या पातेल्यात पडलं.

"आजोबा, ही साइज या टेबलवर चालणारच नाही," पूर्वी म्हणाली. मनस्वीच्या दादाने थ्री-डी प्रिंटरवर सहाशेच्या मापाची, म्हणजे सहाशे ओळीने ठेवली तर एक खरं भरेल अशी, बारा विमानं काढून दिली. अहो, विमानं कसली, शेंगदाणे! पण टेबलावर मोकळं आकाश दिसू लागलं. मुली खूश झाल्या आणि माझी रवानगी शोकेसमध्ये झाली.

तिथून मी पाहत होतो. आजोबा आपलं विमान उचलायचे, डोळ्यांजवळ न्यायचे, मग कुठेतरी ठेवायचे. एके रविवारी त्यांनी ते शेपटीकडून पुढे नेलं. "आजोबा, रिव्हर्स गिअर टाकला काय?" मनस्वी हसली. आजोबाही हसले. मीसुद्धा मनातल्या मनात हसलो. बरं झालं, आता माझी आठवण येईल! आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढच्या रविवारी आजोबा म्हणाले, "तुमीच खेळा. माझी कंबर धरलीय." त्याच्या पुढच्या रविवारीही कंबरच. हे माणूस रोज सकाळी तळ्यापर्यंत चालत जाऊन येतं, त्याला कंबर कुठली आडवी येते? मी टेबलावरून गेलो ते गेलो, पण आता आजोबाही चालले होते.

तिसऱ्या शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. आजोबांनी रमाची लाल नेलपॉलिश काढली, खिडकीपाशी बसले आणि एकेका विमानाच्या नाकावर ठिपका देऊ लागले. चष्मा वर, चष्मा खाली. बाराच्या बारा विमानं रंगवून त्यांनी ती परत डब्यात ठेवली. त्यांचा चेहरा उजळला होता.

रविवारी पूर्वीने डबा उघडला. "आई, हे कोणी..." ती ओरडली आणि मध्येच थांबली. बारापैकी पाच विमानांच्या शेपट्या लाल होत्या. तिने पाचही तळहातावर घेतली. आजोबा दारात उभे होते.

ती हसली नाही. आजोबांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही ना?"

आजोबांनी चष्मा काढून हातात घेतला. "क्रेनवरनं खाली ट्रक काडेपेटीएवढा दिसायचा, पोरी. तरी त्याचं तोंड कुठं हाय ते मला कळायचं. आता हातातल्याचं कळत नाय. कुणाला सांगायचं?"

"मला सांगायचं ना!" पूर्वी चिडून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिने पुठ्ठ्याची विमानं कापली, वेगवेगळ्या मापांची. आजोबांना खुर्चीवर बसवलं आणि टेबलाच्या पलीकडून एकेक दाखवत गेली. "नाक कुठंय?" सहाशेचं नाही. तीनशेचं अंदाजाने. एकशे चव्वेचाळीसचं मात्र त्यांनी सहाच्या सहा वेळा बरोबर सांगितलं. ते माझ्या निम्मं होतं, आणि मनस्वीच्या दादाने काढून दिलेली तशी आठ विमानं टेबलावर पंख न अडकता बसली. बहात्तरचंही त्यांना छान दिसत होतं, पण ते कुणी धरून बसलं नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही.

तरी त्या दिवसापासून मी शोकेसमध्ये नाही. ज्याची पाळी, त्याच्यासमोर मला ठेवतात. खेळ आता माझ्या नाकावर चालतो. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीखही रमाने घेतली आहे.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, पंख जपा, एवढं तर मी सांगणारच. पण खेळणं निवडताना आधी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसा. तिथे बसणाऱ्याला ते दिसतं का, बघा. तो स्वतःहून सांगणार नाही, कंबर दुखते म्हणेल.

नव्या मापाच्या पहिल्याच डावात आजोबांनी पूर्वीचं सेबर मागून गाठलं आणि पाडलं. "आजोबा, चीटिंग!" ती ओरडली.

"चीटिंग नाय," आजोबा मला तिच्यासमोर सरकवत म्हणाले, "दिसतंय मला."