रजेवरचा ड्रायव्हर

बाबा बुटांना नवे तळवे लावून परतले, तोवर त्यांचा चहा गार होऊन गेला होता. दारातच त्यांनी टाचा जुळवल्या आणि एका हातात बूट तसेच धरून दुसऱ्या हाताने सलाम ठोकला.

"साहेब, उशीर झाला. काय शिक्षा?"

हा खेळ त्यांची लेक रांगत होती तेव्हापासूनचा. पहिल्यांदा ते तिच्यासमोर आले तेच मुळी उशिरा आले होते आणि आल्या आल्या त्यांनी असाच सलाम ठोकला होता, असं आई सांगायची. लहानपणी ती त्यांना कान धरून उभं करायची. मोठी झाल्यावर नुसती हसायची. गेलं वर्षभर हसतही नव्हती.

"चहा गार झालाय. तोच प्या," कोटाचं बटण शिवता शिवता ती म्हणाली.

"बापरे! यापेक्षा कोठडी बरी." पण त्यांनी तो निमूटपणे प्यायला.

दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. बाबा लष्करात ड्रायव्हर होते आणि त्यांच्या सेवापुस्तकात दोन नोंदी नव्हत्या. एक शौर्यपदकाची, दुसरी युद्धात जखमी झाल्याच्या बिल्ल्याची. त्या घालून घेण्यासाठी त्यांनी म्हातारपणी अर्ज केला होता. अडचण एकच होती. घाटातल्या ज्या लढाईबद्दल ते सांगत होते, त्या लढाईच्या वेळी सेवापुस्तकाप्रमाणे ते रजेवर होते. घरी. नुकत्याच जन्मलेल्या मुलीला बघायला गेलेले.

ती मुलगी म्हणजे हीच. आणि तिला बघायला तेव्हा कोणी आलं नव्हतं.

"रजाच मिळाली नाही गं त्यांना," असं आईने मरेपर्यंत सांगितलं आणि तिनेही ते मानलं. अर्ज टाइप करताना मात्र तिला कळलं, की रजा मिळाली होती. स्टेशनच्या वाटेवर एका फाट्याला शेजारच्या पलटणीची गाडी उभी होती, मागे जखमी आणि पुढे स्टिअरिंगवर मान टाकलेला ड्रायव्हर. बाबा त्या गाडीत चढले. जखमींना खाली पोचवून पुन्हा घाटात गेले, आणि जातच राहिले, खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसेपर्यंत.

ती रजा दिली होती त्यांच्या लेखनिक मित्राने. साहेब आघाडीवर होते, म्हणून याने स्वतःच त्यांची सही ठोकली होती. मुलगी झाली म्हणतोस, मग जा की! हे बाहेर आलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. म्हणून बाबा परक्या पलटणीच्या तंबूत कुणालाही नाव न सांगता पडून राहिले, रजा संपल्यावर आपल्या तुकडीत हजर झाले आणि खांद्याचं विचारलं तर जॅक निसटला म्हणाले. गेल्या वर्षी तो मित्र वारला. त्याची बायको, लेखनिककाकू, स्वतः घरी येऊन सांगून गेली, "भावजी, आता तरी तोंडाचं कुलूप काढा."

"पण या वयात हवंय कशाला ते?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"माझ्या गाडीत माणसं गेली गं. आणि कागदावर मी घरी बसून पाळणा हलवत होतो. हे खोटं बरोबर घेऊन जायचं नाही मला."

पाळणाच हलवला असतात तर काय बिघडलं असतं, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. तेव्हापासून ते घशातच होतं.

आताही बटण लावून तिने दोरा तोडला. शिवणाच्या डब्यात बटणांखाली तिचा जुना खुळखुळा पडला होता, लाल पत्र्याचा. बाबांनी तो उचलला. मुठीवर तांब्याच्या तारेचे वेढे होते, त्यावरून अंगठा फिरवला. वाजवला मात्र नाही. त्यांनी तो कधी वाजवल्याचं तिला आठवत नव्हतं.

"उद्या येतेस का, साहेब? बोलताना माझी गाडी मध्येच बंद पडते. धक्का मारायला कोणी असलेलं बरं."

"मला रजा नाही."

ती कॉलेजच्या ग्रंथालयात होती. रजा मागितली असती तर हसत मिळाली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं," बाबा म्हणाले. "मिळेल तेव्हा ये." खुळखुळा त्यांनी आवाज न करता डब्यात ठेवला.

सकाळी ती त्यांना उठवायला गेली, तेव्हा कोट खुर्चीच्या पाठीवर होता, बूट खाली जोडीने ठेवलेले होते, आणि बाबा उठले नाहीत.

* * *

सुनावणी घेणाऱ्या मंडळाने वारसाला एक संधी दिली. एकदाच. त्या दिवशी निकाल विरोधात गेला तर प्रकरण कायमचं बंद.

खोलीत एक लांब टेबल होतं, पलीकडे तिघं जण. मध्ये अध्यक्षबाई, डावीकडे सगळं लिहून घेणारा एक तरुण अधिकारी, उजवीकडे निवृत्त मेजर. मेजरांपुढे एक बंद लिफाफा होता आणि त्यावर त्यांनी हाताचा पंजा ठेवला होता. अलीकडे ती आणि लेखनिककाकू. बाबांचा कोट तिने हातावर घेतला होता. घरून निघताना तो का उचलला, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"सेवापुस्तकाप्रमाणे तुमचे वडील रजेवर होते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"होते. पण घरी आले नाहीत."

"हे कशावरून?"

"तेव्हा माझा जन्म झाला. ते मला पहिल्यांदा भेटले, तेव्हा मी रांगत होते. सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे."

मेजर जरा पुढे झुकले. "ताई, राग मानू नका. रजा घेऊन घरी न जाणारे पुष्कळ जवान मी पाहिलेत. ते सगळे काही लढाईवर जात नव्हते."

तिने कोटाची कॉलर घट्ट धरली.

"शिवाय या रजेवर ज्यांची सही आहे, ते अधिकारी त्या दिवशी आघाडीवर होते," मेजर म्हणाले. "मग सही केली कोणी?"

तिला ठाऊक होतं. काकूंचं घर लेखनिकाच्या पेन्शनवर चालत होतं, हेही ठाऊक होतं. आणि बाबांनी एवढी वर्षं कुणासाठी तोंड मिटलं, तेही. तिने हातावरच्या कोटाची घडी पुन्हा नीट केली. भिंतीवरचा पंखा कुरकुरत एकीकडून दुसरीकडे मान फिरवत होता.

"उत्तर नसेल तर पुढे जाता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माझ्या नवऱ्याने केली," काकू म्हणाल्या.

"काकू, राहू द्या."

"तू थांब गं. वर्षभर उजळणी करतेय मी याची." काकू टेबलाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. "साहेबाच्या सहीवर त्यांचा हात असा बसलेला, की साहेबसुद्धा फसायचे. मित्राला लेक झाली म्हणून केली सही. त्यात एका पैशाचा फायदा घेतला नाही. आता काय करायचं ते करा, तो माणूस तुमच्या हाती लागत नाही."

तरुण अधिकाऱ्याने ओठ दाबून हसू आवरलं. अध्यक्षबाई लिहू लागल्या. पण मेजर हलले नाहीत.

"रजा खोटी होती, मानलं. त्याने ते घाटात होते हे सिद्ध होत नाही." त्यांनी लिफाफ्यावर बोट ठेवलं. "हे शेजारच्या पलटणीचं शिफारसपत्र आहे. पदक मंजूर झालं, पण ड्रायव्हरचं नाव त्यांना कळलंच नाही. आजवर या पदकावर बरेच जण हक्क सांगून गेले. त्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला. जखमींना ती गाडी रात्रीच्या अंधारात सापडायची कशी? दिवे तर बंद असायचे."

बाबा असते तर चटकन बोलले असते. त्यांनी अर्जात मोजक्याच ओळी घातल्या होत्या. आणखी लिहा, असं तिने म्हटलंही नव्हतं. रागाने नुसती टाइप करत गेली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"काहीच सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही. मी विचारलं नाही."

मेजरांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाच्या आवाजाने काकूंनी तिचा हात धरला.

"एक विचारते," अध्यक्षबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हा काही आणलं होतं का त्यांनी? पदक, चिठ्ठी, काहीही?"

"माझ्यासाठी खुळखुळा. बाकी काही नाही." आणि बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती पुढे बोलत राहिली. "लाल पत्र्याचा. मी जन्मले तेव्हाच घेतलेला, पण हातात पडला तो मला दात आल्यावर. त्याच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. आई चिडायची. खेळण्याला कुणी तार बांधतं का, पोरीच्या हाताला लागेल म्हणून. ती तार त्यांनी शेवटपर्यंत काढू दिली नाही. आणि तो वाजवलाही नाही कधी."

मेजरांचा पंजा लिफाफ्यावरून उठला. मग त्यांनी कागद बाहेर काढून बाईंपुढे सरकवला, आणि पुन्हा स्वतःच ओढून घेऊन वाचला.

"‘गाडीचे दिवे बंद असत. आरशाला तारेने एक खुळखुळा बांधलेला होता. त्याच्या आवाजावरून चालता येणारे जखमी गाडीपर्यंत येत, आणि चालता न येणाऱ्यांना कळे, की गाडी परत आली आहे.’"

काकू पदराने डोळे पुसत पुटपुटल्या, "या भावजींनी मला पण कधी सांगितलं नाही!"

"रजेची नोंद रद्द," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. "पदक आणि बिल्ला, दोन्ही नोंदी नावानिशी घाला." मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "तुमचं म्हणणं लिहून घेतलंय. गेलेल्या माणसावर कारवाई होत नाही, आणि त्यांच्या पेन्शनलाही धक्का लागत नाही. बसा."

मेजर उठून टेबलाला वळसा घालून आले. तिच्या हातावरच्या कोटाकडे बघून त्यांनी टाचा जुळवल्या आणि सलाम केला. नेमका बाबा करायचे तसाच, टाचांच्या त्याच आवाजासकट.

इतका वेळ तिने स्वतःला धरून ठेवलं होतं. ते आता सुटलं. तिने कोट समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर नीट घातला, नवं बटण काजात सरकवलं. खोलीत माणसं होती. असू देत.

"बाबा, मी रागावले होते," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्ही गाडी घाटाकडे वळवलीत, ते बरं केलंत. शिक्षा माफ."